मोटार-शर्यतींतील वीर जिम क्लार्क

शंकरपटाची मौज आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील मुलांस निराळी समजावून सांगावयास नको. सुगी आटोपल्यावर माळावर लोटलेली गर्दी, उधळत जाणारी बैलजोडी आणि क्षणार्धांत लागणारा निकाल यांचें वर्णन आमच्यापेक्षां तींच अधिक रसाळपणें करतील. परंतु जाणत्या म्हाताऱ्यांस विचारावें तर ते सांगतात कीं, जोडी जिंकते ती पराणी अधिक टोंचल्यानें नव्हे. बैलांचा दम ओळखून तो नेमक्या वेळीं काढून घेणारा माणूस मागें असावा लागतो. आज ज्याची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याच्या पुढें बैल नव्हते. त्याच्या पाठीशीं सुमारें दोनशें अश्वशक्तीचें एंजिन होतें. पण मुक्या जनावराचा दम ओळखावा तसा यंत्राचा दम ओळखण्याची विद्या त्यास अवगत होती, आणि तो मनुष्यही हाडाचा शेतकरीच होता. त्याचें नांव जिम क्लार्क. इ. स. १९६३ व १९६५ या दोन वर्षीं तो मोटार-शर्यतींचा जगज्जेता ठरला, आणि इ. स. १९६८ च्या एप्रिलांत, वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होऊन जेमतेम महिना लोटला असतां, शर्यतींतच त्याचा अंत झाला.

जिमचा जन्म ४ मार्च १९३६ रोजीं स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यांतील किल्मनी या गांवीं झाला. जेम्स व हेलन क्लार्क या दांपत्याचें हें पांचवें अपत्य. आधींच्या चारही मुली. तेव्हां शेवटीं झालेल्या या एकुलत्या एक मुलाकडे सारें घर कोणत्या आशेनें पाहत असेल, तें शेतकऱ्याच्या घरांत वाढलेल्या आमच्या वाचकांस सहज उमजेल. जिम सहा वर्षांचा असतां हें कुटुंब दक्षिणेकडे, इंग्लंडच्या सरहद्दीलगत, बर्विकशायरांतील चर्नसाइड गांवाजवळ एडिंग्टन मेन्स नांवाच्या शेतावर राहावयास गेलें. हा मुलूख थंड, गवताळ आणि लाटांप्रमाणें चढउताराचा आहे. आमच्याकडे धनगर मेंढरें घेऊन गांवोगांव हिंडतो; तेथें शेताचा मालकच कळप बाळगतो, मेंढ्यांची निवडक पैदास करतो आणि बाजारांत नेऊन त्यांची विक्री करतो. क्लार्क कुटुंब सुखवस्तु होतें, आणि पुढेंमागें सारा कारभार जिमनेंच पाहावयाचा हें जणु त्याच्या जन्मापासूनच ठरलेलें होतें.

त्याचें शिक्षण प्रथम जवळच्या गांवच्या शाळेंत, नंतर क्लिफ्टन हॉल येथें व शेवटीं मसलबरा येथील लोरेटो नांवाच्या जुन्या निवासी शाळेंत झालें. सोळाव्या वर्षीं घरच्या शेतीस माणसाची गरज पडली म्हणून तो शाळा सोडून परत आला. शाळेच्याच वार्षिकांत ही गोष्ट लिहितांना आम्हांस थोडा संकोच वाटतो खरा. पण घडलें तें असें. शेतावरचीं वाहनें हांकण्याची संवय त्यास लहानपणींच जडली होती. आतां त्या संवयीचा नाद झाला, आणि मोटारींचें वेड असलेल्या आसपासच्या तरुण शेतकऱ्यांत तो मिसळूं लागला.

या टोळक्यांत इयन स्कॉट वॉटसन नांवाचा एक मित्र होता. इ. स. १९५६ च्या उन्हाळ्यांत तो आपली छोटी जर्मन बनावटीची गाडी घेऊन स्कॉटलंडच्या ईशान्य टोंकाकडील क्रायमंड येथें शर्यतीस गेला. युद्धकाळांतील एक निरुपयोगी झालेली विमानांची धांवपट्टी, हेंच तेथील शर्यतीचें मैदान. तेथें त्यानें आपली गाडी जिमच्या हातीं दिली, आणि गाडीच्या मालकापेक्षां हा नवखा पोरगा अधिक वेगानें फेरा पुरा करतो असें सर्वांस दिसून आलें. ही जिमची पहिली शर्यत. घरीं ती गोष्ट त्यानें कळविली नव्हती.

आईबापांस हा नाद मुळींच पसंत नव्हता. त्यांचें चुकलें असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. त्या काळीं मोठ्या शर्यतींत उतरणाऱ्यांपैकीं कोणी ना कोणी दर सालीं मृत्युमुखीं पडत असे. आसनाचा पट्टाही सर्रास वापरांत नव्हता आणि मैदानाच्या कडेला झाडें, खांब, घरें जशींच्या तशीं उभीं असत. असल्या ठिकाणीं घरच्या वारसानें जीव धोक्यांत घालावा, हें कोणत्या मातेस रुचेल? जिमनेंही प्रथम हा आपला फावल्या वेळचा छंद आहे असेंच मानलें होतें. आठवडाभर मेंढ्या आणि शेत, व सुटीच्या दिवशीं गाडी, असा त्याचा क्रम होता.

स्कॉट वॉटसननें मात्र मित्राच्या अंगचें पाणी ओळखलें होतें. त्याच्या खटपटीनें जिमला चांगल्या गाड्या मिळूं लागल्या. इ. स. १९५८ मध्यें त्या भागांतील तरुणांनीं बॉर्डर रीव्हर्स नांवाचा आपला जुना संघ पुन्हां उभा केला. रीव्हर्स म्हणजे पूर्वीं त्या सरहद्दीवर धाड घालणारे लुटारू घोडेस्वार. आमच्याकडील मुलांनीं आपल्या संघास पेंढारी म्हणवून घ्यावें, तसलाच हा प्रकार! या संघाच्या जग्वार गाडींतून जिमनें त्या सालीं अनेक शर्यती जिंकल्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत तो प्रथमच परदेशीं, बेल्जममधील स्पा येथें गेला. तेथील मैदान म्हणजे डोंगराळ जंगलांतून, खेड्यांच्या घरांजवळून जाणारे सुमारें पावणेनऊ मैलांचे साधे रस्ते. त्या शर्यतींत आर्ची स्कॉट ब्राउन नांवाचा नांवाजलेला शर्यतपटू जळून मरण पावला. जिमच्या मनांत स्पाविषयीं जी दहशत बसली, ती कधींही गेली नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें कारण पडणार आहे.

त्या वर्षाच्या अखेरीस, नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं, लंडनजवळील ब्रँड्स हॅच येथें जिमची गांठ कॉलिन चॅपमन याच्याशीं पडली. चॅपमन हा लोटस गाड्यांचा निर्माता. त्या दिवशीं तो स्वतः शर्यतींत उतरला होता व जिमही तशाच लोटस गाडींत होता. शर्यत चॅपमननें जिंकली, पण या मेंढ्यांच्या व्यापाऱ्यानें त्यास शेवटपर्यंत स्वस्थता लाभूं दिली नाहीं. तेव्हांपासून चॅपमनच्या मनांत हा मुलगा भरला. इ. स. १९६० मध्यें त्यानें जिमला आपल्या संघांत घेतलें, आणि त्या वर्षींच्या जून महिन्यांत हॉलंडमधील झांडफोर्ट येथें जिम प्रथमच फॉर्म्युला वन या सर्वोच्च वर्गाच्या शर्यतींत उतरला.

दुसरी शर्यत स्पाची होती. सरावाच्या वेळीं स्टर्लिंग मॉस व माइक टेलर हे दोघे लोटस गाड्यांतच जबर जखमी झाले. प्रत्यक्ष शर्यतींत क्रिस ब्रिस्टो हा तरुण ठार झाला, आणि थोड्याच वेळानें जिमच्या स्वतःच्या संघांतील ॲलन स्टेसी याच्या तोंडावर उडतें पांखरूं आदळून तोही गेला. जिमला त्या शर्यतींत पांचवा क्रमांक व जगज्जेतेपदाच्या हिशेबांतील आपले पहिले गुण मिळाले. असलें यश कोणास गोड लागणार? शर्यतींस कायमचा रामराम ठोकावा असा विचार त्याच्या मनांत त्या वेळीं आला होता.

पुढच्याच वर्षीं याहूनही घोर प्रसंग ओढवला. ता. १० सप्टेंबर १९६१ रोजीं इटलींतील मोंझा येथें दुसऱ्याच फेऱ्यांत जिमच्या गाडीचा व वुल्फगांग फॉन ट्रिप्स या जर्मन सरदाराच्या फेरारी गाडीचा स्पर्श झाला. फेरारी बांधावर चढून प्रेक्षकांच्या कुंपणावर आदळली. फॉन ट्रिप्स मरण पावला, आणि त्याच्याबरोबर डझनाहून अधिक प्रेक्षक प्राणांस मुकले. जिमला खरचटलेंही नाहीं. पण चौकशीचें लचांड कित्येक दिवस त्याच्या मागें राहिलें. शेवटीं त्याच्यावर दोष ठेवण्यांत आला नाहीं. तरी पंचवीस वर्षांच्या त्या तरुणाच्या मनावर या गोष्टीचें किती ओझें पडलें असेल याची कल्पना ज्यानें त्यानें करावी. एडिंग्टन मेन्सच्या शेतावर मेंढ्यांत राहून त्यानें तो हिंवाळा काढला आणि पुढल्या हंगामांत तो पुन्हां गाडींत बसला. कां बसला, याचें सरळ उत्तर आम्हांस देतां येत नाहीं. धोका कळत नव्हता म्हणून तो गेला, असें मात्र कोणी म्हणूं नये. धोका काय असतो हें त्याच्याइतकें जवळून पाहिलेलीं माणसें थोडीं.

इ. स. १९६२ मध्यें चॅपमननें लोटस २५ नांवाची जी गाडी तयार केली, तिनें शर्यतीच्या गाड्यांची रचनाच पालटून टाकली. तोंवर अशा गाड्यांचा सांगाडा पोलादी नळ्या एकमेकींस जोडून करीत व त्यावर पातळ पत्र्याचें आवरण बसवीत. चॅपमननें नळ्या काढून टाकल्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, होडीच्या कोठ्यासारखी, एक अखंड कोठीच बनविली. नुसता पत्रा हातानें वांकतो, पण त्याचाच डबा केला म्हणजे तो सहसा पिळला जात नाहीं, हें तत्त्व मुलांनीं बिस्किटाचा रिकामा डबा घेऊन ताडून पाहावें. यामुळें गाडीचें वजन घटलें आणि ताठरपणा कितीतरी वाढला. हांकणारा मनुष्य आरामखुर्चींत पहुडावा तसा तींत जवळजवळ आडवा पडे. पेट्रोलच्या पिशव्या त्याच्या दोहों बाजूंस असत.

या गाडींत जिमनें आपली पहिली मोठी शर्यत जिंकली. आणि कोठें, तर त्याच स्पा येथें! ज्या मैदानाचा त्यास मनापासून तिटकारा होता, तेथेंच त्यानें १९६२ पासून १९६५ पर्यंत लागोपाठ चार वर्षें बाजी मारली. १९६३ सालीं तर आठव्या जागेवरून निघून पहिल्याच फेऱ्यांत तो पुढें आला. मग धो धो पाऊस कोसळूं लागला. इतरांस रस्ता दिसेनासा झाला असतां हा शांतपणें अंतर वाढवीत गेला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या ब्रूस मॅक्लॅरेनपेक्षां जवळजवळ पांच मिनिटें आधीं पोंचला. ज्या शर्यतींत सेकंदाच्या अंशांवर निकाल लागतात, तेथें पांच मिनिटें म्हणजे काय, हें मुलांस सांगावयास नको. आमच्या मतें जिमच्या सर्व विजयांत हा विजय श्रेष्ठ होय, कारण त्या दिवशीं त्यास प्रतिस्पर्ध्यांपेक्षां स्वतःच्या भीतीवर अधिक मात करावी लागली असली पाहिजे.

१९६२ चें जगज्जेतेपद मात्र हातचें निसटलें. वर्षाची शेवटची शर्यत दक्षिण आफ्रिकेंतील ईस्ट लंडन येथें होती. जिम आघाडीवर होता आणि ती जिंकतां तर किताब त्याचाच होता. इतक्यांत एंजिनांतील एक लहानसा बोल्ट सुटून पडला, तेल गळूं लागलें आणि गाडी थांबवावी लागली. किताब ग्रॅहम हिल याकडे गेला. त्याची भरपाई पुढील वर्षीं झाली. १९६३ च्या दहा शर्यतींपैकीं सात जिमनें जिंकल्या, आणि सत्ताविसाव्या वर्षीं तो त्या काळापर्यंतचा सर्वांत लहान वयाचा जगज्जेता ठरला. १९६४ सालीं पुन्हां तीच कथा: मेक्सिकोंतील शेवटच्या शर्यतींत अवघे दोन फेरे उरले असतां तेलाच्या गळतीनें घात केला व जॉन सर्टीस जगज्जेता झाला. बोल्ट व नळी यांसारख्या क्षुल्लक वस्तूंनीं दोनदां हातचा घास हिरावून घेतला! चॅपमनच्या गाड्या विलक्षण हलक्या व वेगवान. पण त्यांचे भाग मोडण्याचें प्रमाणही तितकेंच मोठें होतें. जिमनें दुसऱ्या कोणाची गाडी स्वीकारली असती तर तो अधिक जगला असता, असें म्हणणारे लोक आहेत. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. त्या दोघांचा एकमेकांवर भावाभावांसारखा विश्वास होता, एवढें खरें.

अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें दर वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस पांचशें मैलांची शर्यत होते. अडीच मैलांचा अंडाकृति रस्ता, त्याचे दोनशें फेरे. तेथील गाड्या अवजड, एंजिन पुढें असलेल्या. बाहेरच्या माणसानें तेथें येऊन जिंकावें हें स्थानिक मंडळींच्या स्वप्नींही नव्हतें. १९६३ सालीं जिम व चॅपमन आपली एंजिन मागें असलेली चिमुकली गाडी घेऊन तेथें गेले, तेव्हां प्रथम हंसें झालें. निकालानंतर हंसणारे गप्प झाले, कारण जिमला दुसरा क्रमांक मिळाला होता. पुढल्या वर्षीं टायर फाटून गाडी निकामी झाली. १९६५ मध्यें मात्र त्यानें मोनॅको येथील मानाची शर्यत सोडून दिली आणि ३१ मे रोजीं इंडियानापोलिसला दोनशेंपैकीं एकशें नव्वद फेरे आघाडीवर राहून ती जिंकली. त्याचा सरासरी वेग तासास दीडशें मैलांच्या वर, म्हणजे सुमारें दोनशें बेचाळीस किलोमीटर होता. मेहकर व सिंदखेड राजा तालुक्यांतून जाणाऱ्या आमच्या समृद्धि महामार्गावर मोटारीस एकशें वीसची मर्यादा आहे, ती यासंबंधांत आठवावी, आणि पाळावीही. एंजिन मागें असलेल्या गाडीनें तेथें मिळविलेला हा पहिला विजय होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत पुढें एंजिन असलेल्या गाड्या तेथून नाहींशा झाल्या. त्याच हंगामांत जिम ज्या पहिल्या सहा जागतिक शर्यतींत उतरला, त्या सहाही त्यानें जिंकल्या व ऑगस्ट लागतांच किताब आपल्या नांवें केला. इंडियानापोलिसची शर्यत आणि जगज्जेतेपद एकाच वर्षीं मिळविणारा दुसरा मनुष्य अद्याप झालेला नाहीं.

त्याच्या कसबाविषयीं येथें थोडें विस्तारानें सांगावेंसें वाटतें. जिमची गाडी बाहेरून पाहणाऱ्यास वेगवान वाटतच नसे, इतकी ती सफाईनें वळे. हिसके नाहींत, घसरणें नाहीं, चाकांचा आक्रोश नाहीं. शर्यत संपल्यावर मिस्त्री गाड्या उघडून पाहत, तेव्हां त्याच संघांतील इतरांपेक्षां जिमच्या गाडीचे ब्रेक व टायर कमी झिजलेले आढळत. वेग तर त्याचाच अधिक असे! १९६५ च्या जुलैंत सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश शर्यतींत शेवटीं शेवटीं तेलाचा दाब घसरूं लागला. दुसरा कोणी असता तर एंजिन फुटेपर्यंत रेटीत गेला असता किंवा गाडी बाजूस घेऊन उभा राहिला असता. जिमनें काय केलें? लांब वळणांवर, जेथें तेल एका बाजूस लोटून एंजिन कोरडें पडण्याचें भय होतें, तेथें तो एंजिनच बंद करी आणि सरळ रस्ता लागतांच पुन्हां चालू करी. मागून ग्रॅहम हिल झपाट्यानें जवळ येत होता. निशाणापाशीं दोघांत तीनच सेकंदांचें अंतर उरलें, पण जिम पुढें होता. थकल्या बैलास चढावर सांभाळून नेणाऱ्या गाडीवानाची ही युक्ति नव्हे काय?

आणखी एक आश्चर्याची गोष्ट. एकंदर बहात्तर जागतिक शर्यतींत तो उतरला. त्यांपैकीं पंचवीस जिंकल्या आणि तेहतीस वेळां प्रारंभींची पहिली जागा पटकाविली. पण दुसरा क्रमांक त्यास साऱ्या कारकीर्दींत एकदांच मिळाला. गाडी शाबूत राहिली तर बहुधा तो पहिला, आणि मोडली तर बाहेर!

एरवीं हा मनुष्य अत्यंत लाजाळू होता. नखें कुरतडण्याची त्यास वाईट खोड होती. भोजनास कोठें जावें, कोणत्या रस्त्यानें जावें असल्या साध्या गोष्टींचा त्यास लवकर निर्णय होत नसे. गाडींत बसला कीं, क्षणांत हजार निर्णय बिनचूक घेणारा हाच मनुष्य होय, हें कोणास खरें वाटलें नसतें. समारंभ व भाषणें यांचा त्यास कंटाळा असे. त्यानें लग्न केलें नाहीं. कीर्ति शिगेस पोंचली असतांही शेतीचा हिशेब तो पाहत असे, आणि आपला धंदा शेतकऱ्याचा असेंच समजत असे. शेवटच्या काळांत मात्र करांच्या बोजापायीं त्यास स्वदेश सोडून पॅरिस येथें राहावें लागलें. शेतापासून दूर राहणें त्यास किती जड गेलें असेल!

१९६६ मध्यें नियम बदलले, मोठीं एंजिनें आलीं आणि लोटसला नीट एंजिन मिळेना. त्या वर्षीं एकच विजय पदरीं पडला. १९६७ सालीं फोर्डच्या पैशानें बनलेलें कॉसवर्थचें नवें एंजिन आलें, आणि झांडफोर्ट येथें पहिल्याच शर्यतींत जिमनें तें विजयी केलें. त्या वर्षीं त्यानें चार शर्यती जिंकल्या. पण जाणकार लोक आठवण काढतात ती त्यानें न जिंकलेल्या एका शर्यतीची. मोंझा येथें टायर पंक्चर झाल्यामुळें तो संबंध एक फेरा मागें पडला. त्यानें तो अख्खा फेरा भरून काढला, एकामागून एक सर्वांस गांठलें आणि पुन्हां आघाडी घेतली. शेवटच्या फेऱ्यांत पेट्रोल पुरेना, गाडी अडखळली आणि तो तिसरा आला. ज्या मैदानावर सहा वर्षांपूर्वीं तो भयंकर अपघात घडला होता, तेथेंच इटालियन लोकांनीं त्या दिवशीं त्यास डोक्यावर घेतलें.

ता. १ जानेवारी १९६८ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील क्यालामी येथें त्यानें आपली पंचविसावी शर्यत जिंकून अर्जेंटिनाच्या फान्जिओचा चोवीस विजयांचा उच्चांक मोडला. तेथून तो न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाकडे गेला व तेथील टास्मन शर्यतमालिकाही तिसऱ्यांदा जिंकून आला. सारें कांहीं मनासारखें चाललें होतें.

ता. ७ एप्रिल १९६८, रविवार. जर्मनींतील होकेनहाइम येथें दुय्यम वर्गाची, फॉर्म्युला टूची, शर्यत होती. जगज्जेतेपदाशीं तिचा कांहीं संबंध नव्हता. हवा ओली व कुंद होती. जिमची गाडी त्या दिवशीं नीट चालत नव्हती व तो आठव्या जागीं होता. पांचव्या फेऱ्यांत, जंगलांतून जाणाऱ्या वेगवान भागावर, आजूबाजूस दुसरी गाडी नसतां त्याची गाडी एकाएकीं आडवी गेली आणि रस्त्याकांठच्या झाडांवर आदळली. मध्यें कुंपण नव्हतें, कठडा नव्हता. जिम तत्काळ गतप्राण झाला. पुढें बारकाईनें तपासणी झाली. मागील टायरमधील हवा हळूहळू कमी होऊन तो रिमवरून सुटला असावा, हें कारण सर्वांत संभवनीय मानलें जातें. ज्या मनुष्यानें यंत्राचा दम ओळखण्यांत आयुष्य घालविलें, त्याचा घात अशा एका गोष्टीनें झाला कीं, तीपुढें कोणतेंही कौशल्य चाललें नसतें.

ही बातमी पसरतांच इतर शर्यतपटूंत जें भय पसरलें तें निराळेंच होतें. आजवर कोणी मेला तर त्याची चूक झाली असेल अशी समजूत करून घेतां येत असे. क्लार्कची चूक झाली असेल, हें मानण्यास कोणी तयार होईना. मग आपली काय कथा? त्या वर्षीं मे महिन्यांत माइक स्पेन्स, जूनमध्यें स्कार्फिओटी आणि जुलैंत श्लेसर असे आणखी तिघे गेले. क्लार्कचाच देशबंधु व स्नेही जॅकी स्टुअर्ट हा सुरक्षिततेसाठीं हट्टानें झगडूं लागला. कठडे घाला, झाडें तोडा, वैद्यकीय मदत ठेवा, पट्टे सक्तीचे करा, अशा त्याच्या मागण्या होत. त्यास भित्रा म्हणणारे पुष्कळ निघाले. पण १९६९ सालीं स्पाचें मैदान धोक्याचें म्हणून शर्यतपटूंनीं तेथें जाण्याचें नाकारलें आणि ती शर्यत रद्द करावी लागली. हळूहळू मैदानांची रचना पालटली. होकेनहाइमचा तो जंगलांतील रस्ता २००२ मध्यें मोडून टाकण्यांत आला व तेथें पुन्हां झाडें लावलीं. क्लार्कचें स्मारक तेथून हलवून नव्या मैदानाजवळ उभारलें आहे.

जिमचा देह चर्नसाइड येथील चर्चच्या आवारांत चिरनिद्रा घेत आहे. तेथील शिळेवर त्याच्या किताबांची नोंद आहे. पण नांवाखालीं प्रथम तो एडिंग्टन मेन्सचा शेतकरी असल्याचें कोरलें आहे आणि जगज्जेतेपद त्यानंतर. त्यास मिळालेले प्याले व ढाली त्याच्या आईबापांनीं जवळच्या डन्स या गांवास देऊन टाकल्या. १९६९ मध्यें त्या एका खोलींत मांडण्यांत आल्या. ब्राझिलचा थोर शर्यतपटू आयर्टन सेना १९९१ सालीं ती खोली पाहावयास मुद्दाम गेला होता; तीनच वर्षांनीं तोही इटलींत शर्यतींत मरण पावला. २०१९ मध्यें त्या खोलीच्या जागीं मोठें संग्रहालय झालें आहे, आणि स्कॉटलंडच्या त्या आडवळणाच्या गांवीं दूरदूरचे लोक तें पाहावयास जातात.